नापास मुलाखत

मला नापास केलं याचं दुःख झालं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. दुःख झालं, रागही आला, आणि राग अजून पुरता गेलेला नाही. लाज मात्र कधी वाटली नाही. चारचौघांत कुणी विचारलं की मी अजूनही मान वर करून सांगते, हो, मी समुपदेशनाच्या परीक्षेत नापास झाले होते, आणि तसाच प्रसंग आला तर पुन्हा होईन.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या वऱ्हाडाचा कारभार आधी नागपूरकडून चालायचा, आता मुंबईकडून चालू झाला होता, आणि शाळेत रोज काहीतरी नवीन येत होतं. नवी परिपत्रकं, नवी पुस्तकं, नवे साहेब. त्यातच एक नवी टूम निघाली, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन. मुलांचा कल ओळखायचा, त्यांची अडचण ऐकून घ्यायची, आणि हे काम करायला शिक्षकांतलेच काहीजण शिकवून तयार करायचे. मी तेव्हा मलकापूरच्या मुलींच्या एका शाळेत तात्पुरत्या जागेवर होते. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली शाळेत मी एकटीच, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव पाठवलं.

शाळेत मार्गदर्शक शिक्षिकेची जागा मंजूर होणार होती. प्रमाणपत्र मिळालं की ती जागा माझी आणि नोकरी कायम. नाही मिळालं तर उन्हाळ्याच्या सुटीबरोबर माझीही सुटी. अमडापूरला वडिलांनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "कायम झाली तं कर नोकरी. नाई तं घरी ये, मी पाहुण्यायले बोलावतो." पाहुणे म्हणजे मुलगी पाहायला येणारे. वडील प्रेमळ होते, पण बोलले की बोलले. त्यामुळे माझ्यासाठी त्या कागदाच्या एका बाजूला माझं सगळं पुढचं आयुष्य होतं आणि दुसऱ्या बाजूला पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून बसणं.

वर्ग भरला बुलढाण्याला, उन्हाळ्यात. आमच्या जिल्ह्यात बुलढाणा हे थंड हवेचं ठिकाण मानतात. म्हणजे मलकापूर जेवढं तापतं तेवढं ते तापत नाही, एवढंच. मेहकर, चिखली, खामगाव असे सगळीकडचे शिक्षक आले होते, बहुतेक पुरुष. शिकवायला पुण्याचे एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पुढे तेच माझे परीक्षक झाले, म्हणून इथेही मी त्यांना सरच म्हणते.

सर माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पांढरा स्वच्छ शर्ट, मऊ आवाज, वाचन दांडगं. इंग्रजी पुस्तकांतलं शास्त्र ते आम्हाला सोपं करून सांगायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की इथे जे ऐकाल ते खोलीबाहेर जाता कामा नये. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दिवसभर तेच घोळवत राहिले. आमच्याकडे कुणाच्या घरात काय शिजलं हेसुद्धा संध्याकाळपर्यंत गावभर होतं. असं एखादं ठिकाण असू शकतं, जिथे बोललेलं तिथेच राहतं, ही कल्पनाच मला भारी वाटली. त्या एका वाक्यासाठी मी हे शिक्षण मनापासून घ्यायचं ठरवलं.

बाकीचे नियम मात्र माझ्या गळी उतरेनात. दार बंद करून बसायचं. समोरासमोर बसायचं. डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. आपण सल्ला द्यायचा नाही, समोरचा जे बोलेल तेच आपण परत बोलून दाखवायचं, म्हणजे त्याला कळतं की आपलं म्हणणं पोचलं. आणि सगळं शुद्ध भाषेत. तालमीला माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून 'मले' गेलं. सर हसून म्हणाले, "मले नव्हे, मला. समोरच्याचा तुमच्यावर विश्वास बसायला हवा."

"समोरचाच मले म्हणणारा असला तर, सर?"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्यांच्या कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

शाळा सुरू झाल्यावर प्रत्यक्ष काम करायचं होतं. वर्षभर मुलींच्या मुलाखती घ्यायच्या आणि शेवटी सर येऊन एक मुलाखत स्वतः बसून बघणार, त्यावर निकाल. मला नकाशे ठेवायची खोली मिळाली. मी ती झाडली, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, दाराला कडी लावता येते ना ते पाहिलं, आणि पहिली मुलगी बोलावली.

आठवीतली होती. सरकीचा व्यापार करणाऱ्याची मुलगी, एरवी धीट. ती म्हणाली, "बाई, मले गणिताचं भेव वाटते."

मी शिकल्याप्रमाणे म्हणाले, "म्हणजे तुला गणिताची भीती वाटते."

"हाव. तेच तं सांगितलं."

"तेच सांगितलंस असं तुला वाटतं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले. "बाई, तुम्ही मले काऊन येडावून राह्यल्या?"

मी थिजले. खरंच की. आमच्याकडे एकाचं बोलणं दुसऱ्याने जसंच्या तसं परत म्हणणं म्हणजे वेडावणं. भावंडं एकमेकांना रडवायला तेच करतात आणि आईच्या हातचा धपाटा खातात. पुण्याकडे किंवा परदेशात त्याने माणसाला धीर येत असेल. मलकापुरात माझ्यासमोर एक मुलगी हुंदके देत होती आणि मी पुस्तकाबरहुकूम तिला म्हणणार होते की तुला वेडावल्यासारखं वाटतं आहे. नशीब माझं, जीभ वेळेवर आवरली.

दोन दिवसांत शाळाभर झालं की मार्गदर्शनाच्या बाई मुलींना खोलीत नेऊन वेडावून दाखवतात. दुसऱ्या एका मुलीची आई तर तरातरा शाळेत आली. पोरीने काय गुन्हा केला ते विचारायला. कारण आमच्या शाळेत बंद खोलीत फक्त कॉपी करताना पकडलेल्या मुलीला नेत. डोळ्यांचं तर बोलायलाच नको. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालणारी मुलगी आमच्याकडे उद्धट समजतात, आणि सरांच्या निरीक्षणाच्या तक्त्यावर खाली पाहणाऱ्या मुलीपुढे 'आत्मविश्वासाचा अभाव' अशी खूण करायची होती. मी आठवडाभर खुणा करत गेले आणि मग एक दिवस तक्ता टेबलावर आपटला. या हिशेबाने अख्ख्या वऱ्हाडातल्या पोरी आजारी निघाल्या असत्या. आजार पोरींना नव्हता.

मला राग आला की मी गप्प बसत नाही, काहीतरी करते. मी खुर्च्या खोलीबाहेर काढल्या.

तेव्हा शाळेत सूतकताईचा तास असायचा. प्रत्येक मुलीकडे टकळी आणि कापसाचे पेळू. मुली ओळीने भिंतीला टेकून बसत आणि सूत काढत. टकळी फिरवताना नजर धाग्यावरच ठेवावी लागते, वर पाहिलं की धागा तुटतो. त्यामुळे कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहायचा प्रश्नच नाही. हात कामात, नजर सुतावर, आणि तोंड मोकळं. आमच्याकडे कापूस वेचायला बाया ओळीने निघतात तेव्हाही असंच होतं. जन्मात कुणाला सांगितलं नसेल ते त्या शेजारणीला तासाभरात सांगून मोकळ्या होतात, आणि दोघींनी एकमेकींकडे एकदाही पाहिलेलं नसतं. मी अमडापूरला ते लहानपणापासून पाहिलं होतं. मला बुलढाण्याला जाऊन शिकायची गरजच नव्हती, फक्त आठवायची गरज होती.

मी सूतकताईचा तास मागून घेतला. कुणीच तो घ्यायला तयार नसे, त्यामुळे लगेच मिळाला. मुली व्हरांड्यात लांब लांब बसायच्या. जिला बोलायचं असेल ती टकळी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायची. मीही सूत काढायची. मी वऱ्हाडीत बोलायची, कारण मी वऱ्हाडीच आहे. आणि पोरी बोलायला लागल्या. शेजारच्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या हळू बोलत की मला मान कलती करून ऐकावं लागे. कुणाला गणिताचं भेव, कुणाला सावत्र आईचं, कुणाला काहीच नाही, नुसतंच बसायचं असे. एखादीचं सूत सारखं तुटायला लागलं की मी ओळखायची की आता ती मुद्द्यावर येते आहे. मग मी मुकाट्याने माझा धागा ओढत बसायची.

वडनेर भोलजीची एक मुलगी होती, नववीतली. शिक्षणासाठी मलकापूरला आत्याकडे राहायची. आईवडील गावी, शेतीत. ही मुलगी आठवीत वर्गात पहिली उभी राहून उत्तर द्यायची, आणि नववीत आल्यावर एकदम मिटली. मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली, विचारलं तर नुसती मान हलवायची. ती माझ्याजवळ यायला लागली तेव्हा पावसाळा सरला होता. ती कशावरही बोलायची. आत्याच्या शेळीवर, गावाकडच्या चिंचेवर, वडनेरहून येणाऱ्या मोटारीवर. मधेच थांबायची, आणि तिचं सूत तुटायचं. ते सांधून ती परत शेळीकडे वळायची. मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारावंसं वाटत नव्हतं असं नाही, जीव कासावीस व्हायचा. पण ती रोज एक पाऊल पुढे येत होती आणि मला ते दिसत होतं.

एवढ्यात परीक्षा आली.

सर सकाळच्या गाडीने उतरले. मी त्यांना हौसेने माझा सूतकताईचा तास दाखवला. मला वाटलं होतं, बघतील, दोन प्रश्न विचारतील. सर व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "हा सूतकताईचा तास आहे की समुपदेशनाचा?"

"दोन्ही, सर."

"एका वेळी दोन्ही नसतं. परीक्षेची मुलाखत नियमाप्रमाणे होईल. खोली, दोन खुर्च्या, बंद दार. कोणती मुलगी, ते शाळा ठरवेल."

शाळा म्हणजे मुख्याध्यापिकाबाई. त्यांनी पटकन वडनेरच्या मुलीचं नाव दिलं. त्यांचा हेतू अगदीच वाईट होता असं मी म्हणणार नाही. या मुलीला झालंय तरी काय, हे त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. पण बाई आणि त्या मुलीची आत्या एकाच आळीत राहायच्या. रोज संध्याकाळी दोघी मिळून देवळात जायच्या, आणि जाता-येता काय बोलायच्या ते आळीतल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "दुसरी कोणी द्या, बाई. हिची वेळ आली नाही अजून." त्या म्हणाल्या, "परीक्षा तुमची आहे, निवड माझी."

परीक्षेच्या दिवशी खोलीत गेले तर कोपऱ्यात दोन खुर्च्या जास्तीच्या. एकीवर सर, मांडीवर कागद आणि हातात पेन्सिल. दुसरीवर मुख्याध्यापिकाबाई, शाळेच्या वतीने. सर मुलीला अगदी प्रेमाने म्हणाले, "आम्ही इथे नाहीच असं समज हं, बाळ."

दोन मोठी माणसं भिंतीला लागून बसलेली, आणि ती नाहीत असं समजायचं! मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी शुद्ध भाषेत सुरुवात केली. तुला इथे कसं वाटतं, अभ्यास कसा चाललाय. ती हो म्हणायची किंवा नाही म्हणायची. माझं बोलणं माझ्याच कानाला परकं लागत होतं. बाजूला सरांची पेन्सिल कागदावर सरसर चालायची. मला माझे गुण जाताना ऐकू येत होते. कायम नोकरी, नकाशांची खोली, मलकापूर, सगळं त्या पेन्सिलीबरोबर चाललं होतं, आणि डोळ्यांसमोर पोह्यांची बशी.

मग मला राहवलं नाही. मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली आणि आमच्या बोलीत, अगदी हळू विचारलं, "काय झालं वं पोरी?"

तिने वर पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "बाई, घरी मले..."

मुख्याध्यापिकाबाईंची खुर्ची करकरली. त्या पुढे वाकल्या होत्या. सरांची पेन्सिल थांबली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शिकवलेलं फळाला आलेलं पाहून शिक्षकाला होतं ना, तसं. त्यांच्या तक्त्यात सगळ्यांत जास्त गुण यालाच होते, मुलगी मोकळी होण्याला. आणि मुलगी मोकळी होत होती. माझ्या बोलीमुळे ती खोली विसरली, ती दोन माणसं विसरली, तिला वाटलं आपण व्हरांड्यात बसलोय. फक्त मी विसरले नव्हते. अजून एक वाक्य, आणि मी पास होते. अजून एक वाक्य, आणि संध्याकाळी देवळाच्या वाटेवर ते तिच्या आत्याच्या कानात होतं.

मी तिचा हात धरला. "थांब. आता बोलू नोको."

तिला चापट मारल्यासारखं झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"इथं लोकं ऐकून राह्यले," मी म्हणाले. "तुले सांगायचं असंल तं तुह्या मनानं सांगजो, जवा वाटंल तवा, ज्याले वाटंल त्याले. आज नाई. जाय, वर्गात जाय."

ती उठली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. दाराशी तिला कडी निघेना, मीच जाऊन काढली.

दार लागल्यावर सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही काय केलंत हे तुमच्या लक्षात आलंय का? ती मोकळी होत होती. ज्या क्षणासाठी आपण हे सगळं शिकतो, तो क्षण तुम्ही स्वतःच्या हाताने मोडलात."

"तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं, सर. इथलं खोलीबाहेर जाता कामा नये."

"पण आम्ही खोलीतच होतो!"

"म्हणूनच तर. तिने ते मला सांगायला घेतलं होतं. तुम्हाला नाही."

मुख्याध्यापिकाबाई भडकल्या. "म्हणजे? मी काय बाहेरची आहे?"

इथवर मी शुद्ध भाषा सांभाळली होती. आता सुटली. "हाव, बाई. तुम्ही बाहेरच्या. सरही बाहेरचे. मीसुद्धा बाहेरचीच होती, इतके महिने तिच्या बाजूले बसली तवा कुठी उंबऱ्यात आली. आन् तुम्ही येकाच दिवसात चुलीपर्यंत जाऊन राह्यले!"

बाईंना तोवर कुणी असं बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. सर मात्र रागावले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते थकल्यासारखे म्हणाले, "अहो, मुलाखत पूर्णच झाली नाही. मी गुण कशाला देऊ?"

"ती पोरगी परत माझ्यापाशी येते का ते पाहा, आणि त्याला द्या."

"मी उद्याच्या गाडीने परत चाललोय."

"मग नका देऊ," मी म्हणाले, आणि माझी छत्री घेऊन बाहेर पडले.

बोलताना वाघीण होते, पण स्टेशनच्या रस्त्याला लागले आणि सगळा जोर ओसरला. जिनिंगच्या कारखान्याकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, सगळीकडे कापूस उडत होता, आणि मी पदराने नाकाला लागलेला कापूस पुसते आहे असं दाखवत रडत होते. नापास होण्याचं रडू होतंच. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तिच्या ओठांवर आलेलं मी परत आत ढकललं होतं. एकदा असं गिळावं लागलेलं माणूस पुन्हा बोलायला धजतं का? हे बुलढाण्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आमच्या कापसाच्या शेतातही असं कुणी कुणाला मधेच थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. सरांचं म्हणणं खरं निघालं तर? मी सरांचा नियम राखला आणि पोरगी गमावली, असं झालं तर?

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ आली नाही. त्याच्या पुढच्या तासालाही नाही. ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून बसायची. मी रोज माझ्या शेजारची जागा मोकळी ठेवायची, दुसरी कुणी तिथे बसायला आली तरी जरा पलीकडे सरक म्हणायची. मुख्याध्यापिकाबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. निकाल आला, नापास. नकाशांच्या खोलीत नकाशे परत गेले. शाळेने कळवलं की सुटीनंतर माझी गरज नाही. मी ते सगळं ऐकून घेतलं आणि सूत काढत बसले, कारण वर्ष संपायला अजून दिवस होते आणि तास माझाच होता.

उन्हं कडक व्हायला लागली होती तेव्हा एक दिवस माझ्या बाजूला कुणीतरी येऊन बसलं. मी वर पाहिलं नाही. टकळी फिरल्याचा आवाज आला. तिने एक लांब धागा काढला. मग म्हणाली, "बाई, त्या दिसी तुम्ही मले थांबवलं ना."

"हाव."

"मले लय राग आला होता."

"येऊ दे."

"मंग समजलं मले." आणि तिने सांगायला सुरुवात केली. तिचं सूत त्या दिवशी फार वेळा तुटलं. प्रत्येक वेळी तिने ते सांधलं आणि पुढे बोलली. घंटा झाली, बाकीच्या मुली गेल्या, आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. तिने सगळं सांगितलं, आणि पुढे काय करायचं तेही आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. जे करायचं होतं ते झालं. ती आत्याकडून निघाली, शिकली, मॅट्रिक झाली. त्या दिवशी ती बोलून उठली तेव्हा माझ्या अंगात इतकं बळ आलं की सगळ्या महाराष्ट्रातले परीक्षक एका ओळीत उभे असते तरी मी त्यांच्यासमोरून टकळी फिरवत गेले असते.

मुख्याध्यापिकाबाईंचा अबोलाही त्याच दिवशी सुटला, आम्हाला व्हरांड्यात बसलेलं त्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

"सूत चांगलं काढते," मी म्हणाले.

वडील मला न्यायला मलकापूरला आले. मी त्यांना रस्त्यात सगळं सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. ते म्हणाले, "आन् काय सांगितलं त्या पोट्टीनं?" मी म्हणाले, "नाई सांगत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मोटार आली तशी माझी ट्रंक उचलली. दिल्या शब्दाप्रमाणे त्यांनी पाहुणे बोलावले. पाहुण्यांनी विचारलं, मुलगी परीक्षेत नापास काऊन झाली? मी खाली मान घालून बसले नाही, त्यांना तोंडावर सगळी हकिकत सांगितली. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि परत आले नाहीत. त्यानंतर वडिलांनीच विचारलं, "परत बसता येते का त्या परीक्षेले?"

पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतून परत बसले. परीक्षक वेगळे होते. मी आधीच सांगितलं की खरी मुलगी आणायची असेल तर तुम्ही बाहेर बसा, आत बसायचं असेल तर एखाद्या शिक्षिकेला मुलगी करून बसवा. त्यांनी शिक्षिका बसवली. मी जेमतेम पास झाले. शुद्ध भाषेचे गुण कापले होते.

नंतर बरीच वर्षं मी स्वतः असे वर्ग घेतले. नव्या शिक्षकांना मी त्यांच्या गावची बोली बोलू दिली, खुर्च्या हव्या तशा मांडू दिल्या, आणि प्रत्येक वर्गाला ही गोष्ट सांगितली.  सांगून झाली की मागून एक हात वर येतोच, हमखास येतो. "बाई, पण ती मुलगी शेवटी काय बोलली?"

मी त्याला उभं करते आणि म्हणते, तुम्ही आज नापास.

तुमच्याही मनात तोच प्रश्न असणार, मला ठाऊक आहे. ती मुलगी आज हयात आहे, तिला नातवंडं आहेत, आणि ते बोलणं तिचं आहे. नोकरी जात होती तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगेन होय?